दूरचा डॉक्टर आणि जवळचा माणूस

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात क्लॉनकरी नावाचे एक लहानसे गाव आहे. १९२८ साली तेथून एका वैद्यकीय विमानाने पहिले उड्डाण केले. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या ध्यासातून उभी राहिलेली ही सेवा पुढे ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ या नावाने प्रसिद्ध झाली. पण विमान बोलवायचे कसे? शेजारचे घर कोसन्‌कोस दूर, आणि घरात दूरध्वनी नाही. आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून वीज निर्माण करणारा बिनतारी संच तयार केला. १९२९ मध्ये तो वापरात आला आणि ही अडचण दूर झाली. पुढे १९४२ पासून दूरच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवण्यात येऊ लागल्या. पेटीतील प्रत्येक औषधाला क्रमांक असे. डॉक्टर शेकडो मैलांवरून क्रमांक सांगत आणि घरातील कोणीतरी ते औषध रुग्णाच्या हाती देई. दूरस्थ वैद्यकीय सल्ला ही संगणकयुगाची देणगी आहे, ही आपली समजूत तितकीशी खरी नाही.

आता प्रश्न पैशाचा. १९८४ पासून त्या देशात ‘मेडिकेअर’ ही सार्वजनिक आरोग्य विमा योजना आहे. प्रत्येक वैद्यकीय सेवेसाठी सरकारने एक शुल्क ठरविलेले असते. सर्वसाधारण डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी ते पूर्ण, तर रुग्णालयाबाहेर तज्ज्ञांनी दिलेल्या सेवेसाठी त्याच्या ८५ टक्के रक्कम परतावा म्हणून मिळते. डॉक्टरांनी तेवढ्यावरच समाधान मानले, तर रुग्णाला पदरचा पैसा द्यावा लागत नाही. जुलै २०११ मध्ये व्हिडिओद्वारे दिलेल्या तज्ज्ञांच्या सल्ल्यालाही हा परतावा लागू झाला. त्याचा लाभ दूरच्या भागांतील रुग्णांना होता, तसाच ॲबोरिजिनल वैद्यकीय सेवाकेंद्रांतील रुग्णांनाही होता, मग ते केंद्र शहरात का असेना. या योजनेतील एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. तज्ज्ञ पडद्यावर बोलत असताना रुग्णाजवळ बसणारा डॉक्टर, परिचारिका किंवा ॲबोरिजिनल आरोग्यसेवक यांच्या कामासाठीही वेगळा परतावा ठेवण्यात आला होता.

शेजारी बसण्याचे पैसे कशाला, असे एखाद्याला वाटेल. ज्या समाजाच्या अनेक घरांत इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, ज्याला सरकारी कार्यालयांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या कटू आला आहे, त्या समाजातील वृद्ध स्त्री अनोळखी चेहऱ्याला आपले दुखणे मोकळेपणाने सांगेल काय? ती मान डोलावील आणि घरी जाईल. तिची भाषा, तिचे नातेसंबंध जाणणारा माणूस जवळ असेल, तर तीच स्त्री बोलू लागेल. १९७१ मध्ये सिडनीतील रेडफर्न येथे ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःच्या नियंत्रणाखालील पहिले वैद्यकीय केंद्र सुरू केले, त्यामागे हीच जाणीव होती. आपल्याकडील ‘ई-संजीवनी’ सेवेतही आरोग्य केंद्रातील कर्मचारी रुग्णाला जवळ बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतो, हे येथे सहज आठवते.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे हा परतावा सर्व नागरिकांना, व्हिडिओप्रमाणेच फोनवरील सल्ल्यालाही मिळू लागला. काही महिन्यांतच एक अट आली : ज्या दवाखान्यात रुग्णाची गेल्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष तपासणी झाली असेल, तेथील डॉक्टरांच्या दूरस्थ सल्ल्यालाच परतावा. ॲबोरिजिनल वैद्यकीय सेवाकेंद्रांच्या रुग्णांना मात्र तीतून सूट मिळाली. ही सूट म्हणजे मेहेरबानी नव्हे. ज्या वस्तीत डॉक्टर पाळीपाळीने येतात आणि बदलतात, तेथे ‘नेहमीचा डॉक्टर’ हा शब्दच पोकळ ठरतो.

पुढे जुलै २०२२ मध्ये सर्वसाधारण डॉक्टरांच्या २० मिनिटांहून अधिक चालणाऱ्या फोनसल्ल्याचा परतावा बहुतांश रुग्णांसाठी बंद झाला. व्हिडिओत चेहरा दिसतो, जखम दिसते, म्हणून तो अधिक चांगला, असा युक्तिवाद होता. तो चुकीचा नाही. पण जेथे चित्र अडखळते आणि आवाज तेवढा कसाबसा पोहोचतो, तेथे चांगल्याचा आग्रह धरणे म्हणजे आहे तेही काढून घेणे होय. नोव्हेंबर २०२३ पासून नोंदणीकृत रुग्णांसाठी हा परतावा पुन्हा सुरू करण्यात आला, यातच काय ते आले.

तरीही माझी खरी शंका वेगळी आहे. परतावा सेवा घडल्यानंतर मिळतो. जेथे सेवाच पोहोचत नाही, तेथे तो कागदावर राहतो. अधिक आजारी माणसांच्या वाट्याला कमी पैसा येतो. २०२०-२०२२ च्या आकडेवारीनुसार ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरील लोकांचे अपेक्षित आयुर्मान इतर नागरिकांपेक्षा पुरुषांत ८.८ वर्षांनी, तर स्त्रियांत ८.१ वर्षांनी कमी होते. या समाजातील मुलांमध्ये संधिवाताच्या तापातून उद्‌भवणारा हृदयविकार आजही आढळतो. घशाच्या किंवा त्वचेच्या साध्या जंतुसंसर्गातून त्याची सुरुवात होते. निदान झाल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे. हृदयरोगतज्ज्ञ दूरच्या शहरात बसून पडद्यावर मुलाची विचारपूस करू शकतात, आईला धीर देऊ शकतात. इंजेक्शन मात्र वस्तीवरील परिचारिकाच देते. चुकलेल्या मुलाला घरी जाऊन शोधून आणते ती आरोग्यसेविका. त्यांचा पगार बहुतेक ठिकाणी तज्ज्ञांच्या सल्ल्यावरील परताव्यातून निघत नाही, तो सरकारी अनुदानातून येतो. अंदाजपत्रक तयार करताना पडद्यासाठी तरतूद वाढविली आणि या अनुदानाला हात लावला, तर त्या मुलाचे इंजेक्शन चुकेल.