मजुरीचे माप

पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग उभारला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने हा उद्योग वाढला आणि गल्लोगल्ली मागांचा खडखडाट सुरू झाला. येथील कित्येक लहान मागधारक आजही ‘खर्चीवाले’ आहेत. सूत व्यापाऱ्याचे, माग व श्रम त्यांचे; मजुरी पिकावर ठरते. कापड पेढीवर पोहोचूनही मजुरी लांबली, तरी वीजबिल आणि कामगाराचा पगार थांबत नाही.

२००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत फेडावे लागते. परंतु श्रावकाला कायद्याआधी व्रत आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे देताना कमी व घेताना अधिक मापणे, हा एक आहे. कापड मोजताना जपलेली सचोटी दिवस मोजतानाही जपावी. दुसऱ्याच्या श्रमाचा पैसा आपल्या व्यवहारात फिरवीत ठेवणे, हेही उणे मापच होय.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी खर्चीवाल्यांची बाकी फिटलेली असावी. नव्या पानावरचे ‘शुभ-लाभ’ तेव्हाच शोभते.