पन्हळ पोलादाची, देखभाल कोणाची?

जलशुद्धीकरण केंद्राचे उद्घाटन करणारे मंत्री पंपघर पाहतात, कोनशिलेसमोर उभे राहतात आणि निघून जातात. निवळण टाकीच्या काठाने गेलेल्या पन्हळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. तुरटीमुळे गोळा झालेला गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी त्रिकोणी खाचांतून या पन्हळीत पडून पुढे वाळूच्या गाळणीकडे जाते. सार्वजनिक खर्चाच्या हिशेबातील एक जुनी लबाडी पाहावयाची असेल, तर ती येथे पाहावी.

कित्येक नगरपालिकांत ही पन्हळ साध्या लोखंडी पत्र्याची, वरून रंग दिलेली असते. निविदेत तिचाच दर सर्वांत कमी असतो, हे त्याचे कारण. अष्टौप्रहर ओलावा आणि पाण्यात आधीच क्लोरीन सोडले जात असेल तर त्याचा मारा, यांपुढे रंग टिकत नाही. खाचांच्या कडा गंजून झिजतात, पत्रा वाकतो आणि पातळी बिघडते. पातळीचा हा प्रश्न किरकोळ नाही. नव्वद अंशांच्या खाचेत पाण्याची उंची पाच सेंटिमीटरऐवजी सहा झाली, तर तिच्यातून वाहणारे पाणी दीडपटीहूनही अधिक होते. म्हणजे एका बाजूने एक सेंटिमीटर खचलेली पन्हळ टाकीतील पाणी त्याच बाजूला ओढते, न बसलेला गाळ सोबत आणते आणि गाळणी तुंबवते. मग गाळणी वारंवार उलट्या प्रवाहाने धुवावी लागते. त्यासाठी शुद्ध केलेलेच पाणी आणि विकतची वीज खर्ची पडते. कंत्राटदाराच्या दरपत्रकात हा खर्च कोठेच नसतो. तो पुढे वर्षानुवर्षे नळपट्टीत उगवतो.

‘गरीब गावाला स्टेनलेस स्टीलची चैन कशाला?’ असा प्रश्न कधीकधी पुरोगामी म्हणविणारेही विचारतात. वस्तुतः तीच वस्तू दोनदा विकत घेणे गरीब गावालाच परवडत नाही. किंमत पहिल्या दिवसाची मोजावयाची की वीस वर्षांची, एवढाच काय तो वाद आहे. कमीत कमी दराच्या नियमाने हात बांधले आहेत, ही सबबही आता तितकीशी खरी नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने, केंद्राच्या खात्यांपुरते का होईना, ऑक्टोबर २०२१ मध्ये काही बांधकामांत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा दिली. हा मार्ग राज्य सरकारांना वर्ज्य का असावा?

परंतु निविदेत ‘स्टेनलेस स्टील’ हे दोन शब्द घातले की काम भागले, असेही नव्हे. सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ३०४ जातीचे पोलाद निराळे आणि निकेलच्या जागी बव्हंशी मँगनीज घालून स्वस्त केलेले २०० मालिकेचे पोलाद निराळे. दोन्ही सारखीच चकाकतात. लोहचुंबक लावून परीक्षा घेणाऱ्या नगरसेवकाची येथे हमखास फसगत होते, कारण चुंबक दोहोंनाही सहसा चिकटत नाही. रासायनिक पृथक्करणाचा दाखला मागितल्याशिवाय भेद कळत नाही. क्लोराइड अधिक असलेल्या पाण्यात तर ३०४ लाही बारीक छिद्रे पडतात. तेथे मॉलिब्डेनमयुक्त ३१६ लागते. आणि उत्तम पन्हळीला साध्या लोखंडाचे नटबोल्ट लावून चार पैसे वाचविणाऱ्याला काय म्हणावे! दोन धातूंच्या संगतीत बोल्ट आधी खाल्ला जातो आणि पन्हळ लोंबकळू लागते.

खरा प्रश्न मात्र याही पुढचा आहे. टाकीचे बांधकाम थोडेफार खचतेच. खाचांच्या पट्ट्या बोल्ट सैल करून पुन्हा समपातळीत आणाव्या लागतात. शेवाळ खरवडावे लागते. हे काम पोलाद करीत नाही, माणूस करतो. ‘अमृत’सारख्या योजनांचे अनुदान येते ते मुख्यतः बांधकामासाठी; देखभालीचा भार नगरपालिकेच्या महसुली खर्चावर पडतो आणि तेथे तर पदेच रिक्त ठेवलेली असतात. बारमाही काम कंत्राटी मजुरांकडून करून घेऊ नये, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केले होते. पाणी शुद्ध करण्याहून अधिक बारमाही काम कोणते? तरीही टाकीवरच्या अरुंद, निसरड्या वाटेवरून चालणारा मजूर बहुधा कंत्राटीच असतो. यंदा आहे, पुढच्या वर्षी असेलच असे नाही. पातळी कशी लावतात हे शिकावयास त्याला अवधी तरी कोठे मिळतो?

अशा रीतीने उपाशी ठेवलेली यंत्रणा ढासळली, की खासगी कार्यक्षमतेचे गोडवे सुरू होतात. हे भय काल्पनिक नव्हे: नागपुरात २०१२ पासून पंचवीस वर्षांच्या कराराने पाणीपुरवठा खासगी चालकाच्या हाती गेला आहे.

म्हणून पक्षाच्या नगरसेवकांनी आणि कामगार संघटनांनी अंदाजपत्रकाच्या वेळी तीन कागद मागावेत: पोलादाच्या पृथक्करणाचा दाखला, पन्हळीची पातळी शेवटची केव्हा तपासली त्याची नोंद आणि शुद्धीकरण केंद्रातील मंजूर व भरलेल्या पदांचा तक्ता. मागणी वैशाखातच करावी. आषाढात नदीचे पाणी गढूळ झाल्यावर टाकी रिकामी करून दुरुस्ती करता येत नाही.