बाकावरून उठताना

दर रविवारी सकाळी आमच्या तालुक्याच्या गावातल्या रायफल शूटिंग सेंटरबाहेरचा लांब बाक भरलेला असतो. आत मुली नेम धरतात, बाहेर आम्ही आया बसतो. कुणी मेथी निवडतं, कुणी फोनवर घरच्यांना डबा कुठे ठेवलाय ते सांगतं. दोन वर्षं मीही त्यातलीच. मागच्या महिन्यात सरांनी सहज म्हटलं, "एक रविवार तुमचीच स्पर्धा घेऊ या. गंमत म्हणून." आम्ही हसलो. पण नावं मात्र चौदा आली!

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, या वयात बंदूक?"

पहिला तास नुसत्या नियमांचा. नळी कायम लक्ष्याकडेच. सांगितल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. सगळ्यांच्या रायफली खाली ठेवून झाल्याशिवाय रेषेपुढे पाऊल टाकायचं नाही. मग प्रत्येकीला दहा छर्रे. हवेच्या दाबावर चालणारी रायफल, टेकू दिलेली. दहा मीटरवर कागदाचं लक्ष्य. त्यातला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याहून लहान! मला तर नुकताच चाळिशीचा चष्मा लागलेला. सर म्हणाले, "काकू, ठिपका शोधू नका. काळं वर्तुळ नळीच्या टोकाच्या गोलात मधोमध आणा. श्वास थोडा सोडा, थांबा, चाप हळूच दाबा."

पहिले चार छर्रे चारी दिशांना गेले. कारण मनात एकच, गॅस बंद केला होता ना?

मैत्रिणींनो, घरात आपली नजर एका वेळी चार ठिकाणी असते. उतू जाणारं दूध, मुलाची वही, सासऱ्यांच्या गोळ्या, दारावरची बेल. पाचव्या छर्ऱ्याला मात्र माझ्यासमोर फक्त ते काळं वर्तुळ होतं. जेमतेम दहा-पंधरा सेकंद. पण इतका वेळ एकाच गोष्टीकडे बघून मला किती वर्षं झाली होती, ते तेव्हा कळलं.

आठवा छर्रा बरोबर दहावर बसला. फक्त तो शेजारणीच्या कागदावर! नियमानं मला शून्य. मी अकरावी आले. पहिल्या आल्या नातीला सोडायला येणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या आजी. म्हणाल्या, "सुईत दोरा ओवताना श्वास धरतोच की गं आपण."

घरी सासूबाईंनी चष्मा लावून माझ्या कागदावरची भोकं मोजली. "नऊच आहेत. दहावं कुठंय?" म्हटलं, "शेजारणीकडे." त्या इतक्या हसल्या! मग हळूच विचारलं, "पुढच्या वेळी कधी आहे?"

उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर १९९९ मध्ये अशाच नातीला घेऊन शूटिंग शिकवणाऱ्या ठिकाणी गेल्या आणि स्वतःच पिस्तूल हाती घेतलं. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. २०२१ मध्ये त्या गेल्या, पण तोवर गावच्या कितीतरी मुलींना त्यांनी वाट दाखवली. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. त्यांना बघून आपण मुलींना रेषेपर्यंत नेतो. आपली जागा मात्र बाकावरच, हे आपणच ठरवून टाकलेलं असतं.

मी स्वतः पंधरा वर्षं महिला मंडळात स्पर्धा घेतेय. रांगोळी, पाककला, उखाणे. त्यात वाईट काहीच नाही. पण घरात जे करतो, त्यालाच तिथे पुन्हा बक्षीस देतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. आता ठरवलंय, वर्षातून एक स्पर्धा अशी घ्यायची, जिचा घरकामाशी काडीचा संबंध नाही. जाणता प्रशिक्षक आणि नीट जागा असेल तर नेमबाजी, नाहीतर कॅरम, बुद्धिबळ, पोहणं, काहीही.

तुमच्याही गावात असा बाक असेलच. पुढच्या रविवारी मेथी घरीच ठेवा आणि आत जाऊन विचारा, "आम्हाला शिकवाल का?" आणि हो, निघताना गॅस बंद केल्याची खात्री करून घ्या. नेम चांगला लागतो!