चालक नसलेली गाडी आणि अब्बांची रोजी



आठवीच्या वर्गात वक्तृत्वासाठी मी विषय दिला होता, 'चालकाविना धावणारी मोटार : फायदे आणि तोटे'. मुलांनी भराभर फायदे सांगितले. एक मुलगा मात्र उठेना. विचारले तेव्हा हळूच म्हणाला, "सर, माझे अब्बा दुबईत टॅक्सी चालवतात. गाडी आपली आपण चालायला लागली, तर अब्बा काय करणार?" वर्ग गप्प झाला. मीही झालो.

प्रश्न पोरकट नव्हता. दुबईची मेट्रो 9 सप्टेंबर 2009 पासून चालकाविनाच धावते. 2030 पर्यंत शहरातला चौथा हिस्सा प्रवास स्वयंचलित वाहनांनी व्हावा, असे उद्दिष्ट तिथल्या शासनाने 2016 मध्येच जाहीर केले. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांचे छप्पर, बहिणींचे निकाह आणि मुलांच्या फिया आखातातल्या स्टिअरिंगवर उभ्या आहेत.

तरीही फायदे नाकारता येत नाहीत. कॅमेरे, रडार आणि लेसर किरणांच्या आधारे चालणाऱ्या यंत्राला डुलकी लागत नाही, ते नशा करत नाही, मोबाईल बघत नाही. भारतात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतले बहुसंख्य मृत्यू अतिवेगामुळे झाले. हा माणसाचाच दोष. शिवाय ज्यांना दिसत नाही किंवा वयामुळे गाडी चालवता येत नाही, त्यांना अशी गाडी मोठा आधार ठरेल.

आता दुसरी बाजू. आमच्या कासूवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग बघा. पनवेल ते इंदापूर रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झाले. त्यानंतर किती पावसाळे आपण वळणे आणि खड्डे चुकवत काढले! रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसलेले, मध्येच गुरे बसलेली, समोरून उलट्या बाजूने मोटारसायकल. इथे मिनीडोअरवाला नजरेने आणि अंदाजाने वाट काढतो. यंत्राला ते शिकायला वेळ लागेल.

त्याहून मोठा प्रश्न जबाबदारीचा. 18 मार्च 2018 रोजी अमेरिकेतल्या टेम्पी शहरात चाचणीवरच्या अशा एका मोटारीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा जीव घेतला. यंत्राला ती वेळेत नीट ओळखता आली नव्हती. लक्ष ठेवण्यासाठी गाडीत बसवलेल्या चालक महिलेला शिक्षा झाली. कंपनीवर मात्र फौजदारी खटला झाला नाही. आपल्या दीनमध्ये दुसऱ्याचा जीव ही अमानत आहे. आपल्यापैकी प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला जाब विचारला जाईल, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण आहे. यंत्राला जाब विचारता येत नाही. म्हणून ते बनवणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि परवानगी देणाऱ्याने तो आधीच पत्करायला हवा.

चालकांचे रोजगार जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी 2023 मध्ये म्हणाले. दिलासा वाटला. पण इथला निर्णय दुबईत चालत नाही.

मग त्या मुलाला काय सांगितले? खोटा धीर दिला नाही. म्हटले, "बेटा, हे एका रात्रीत होणार नाही, पण होणार आहे. अब्बांना फोनवर सांग, तिकडे गाड्यांच्या दुरुस्तीचे, बॅटरीचे काम शिकायला मिळाले तर शिका. आणि तू गणित-विज्ञान सोडू नकोस." पालकांनाही विनंती आहे : आखाताची कमाई सगळी स्लॅबवर आणि वलीम्यावर घालू नका. थोडी परतीच्या दिवसांसाठी, थोडी मुलांच्या हुनरसाठी ठेवा.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा बोलला. विषयाच्या विरोधात नाही, बाजूनेही नाही. शेवटी एवढेच म्हणाला, "गाडी कोणीही चालवो, अब्बा सुखरूप घरी यावेत."

आमीन.