यानाचें तोंड कोणीकडे?

ता. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं भारताचें मंगळयान मंगळाच्या कक्षेंत शिरलें, हें बहुतेक विद्यार्थी धडधडा सांगतात. परंतु त्या वेळीं यानाचें तोंड कोणीकडे होतें, असें विचारलें कीं वर्ग गप्प बसतो. आमच्या मतें खरी विद्या या दुसऱ्या प्रश्नांत आहे.

यानाचा वेग कमी करावयाचा होता. म्हणून तें उलट फिरवून मग इंजिन पेटवावयाचें होतें. पृथ्वीवरील संदेश तेथें पोहोंचण्यास सुमारें १२ मिनिटें लागत, व इंजिन चालू असतांनाच यान मंगळाच्या आड जाणार होतें. सबब आज्ञा आगाऊ भरून ठेविल्या होत्या. वळण्याचें काम यानानें आपलें आपण केलें. समोर दिसणारे तारे तें जवळच्या नकाशाशीं ताडून पाही व आपली दिशा ओळखी. वळण्यासाठीं त्याजजवळ ४ चाकें होतीं. चाक एका अंगास फिरूं लागलें कीं यान दुसऱ्या अंगास वळतें. पोकळींत धरावयास दुसरें आहे काय? सूर्यप्रकाशाच्या सततच्या रेट्यास तोंड देतां देतां चाकांचा वेग फार वाढे. तो उतरविण्यास लहान इंजिनें थोडें थोडें इंधन जाळीत.

६ महिन्यांसाठीं धाडलेलें हें यान ७ वर्षांहून अधिक टिकलें. २०२२ सालीं संपर्क तुटला. इंधन संपलें असावें, त्यामुळें यानास योग्य दिशेस तोंड ठेवितां न येऊन वीज मिळेनाशी झाली, असें इस्रोचें अनुमान आहे.

हें सारें फळ्यावर लिहून देतां येतें, व मुलें पाठही करितील. परंतु मुलास फिरत्या स्टुलावर बसवावें, सायकलचें चाक आंस उभा धरून त्याच्या हातीं द्यावें, आणि त्यास तें फिरवूं द्यावें. तो स्वतः उलट फिरूं लागला कीं पाठांतराची गरज उरत नाहीं. ताऱ्यांचेंही तेंच. आपल्याच जिल्ह्यांत, चाळीसगांवाजवळील पाटण येथें, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला होता, त्यास इ. स. १२०७ मध्यें देणगी मिळाल्याचा शिलालेख आहे. त्याच खानदेशांतील मुलास व्याध ओळखूं येऊं नये!

पालक विचारतात, यास परीक्षेंत गुण किती? प्रश्न रास्त आहे; पुढील प्रवेश गुणांवरच मिळतो. परंतु प्रयोगाचा तास उजळणीस देऊन वाढणारे दोन गुण आम्हांस फार महाग वाटतात. तेव्हां या हिंवाळ्यांत मृग नक्षत्र वर आलें म्हणजे पहुराच्या शिवारांत मुलांस एक रात्र घेऊन जावें. आणि घरीं सायकलचें जुनें चाक पडलें असल्यास तें भंगारांत न घालतां शाळेंत पाठवावें.