तंबू नदीपासून लांबच बरा



सुट्टीत नातवंडांना पेंचकडे तंबूत राहायचे होते. कॅम्पवाला फोनवर म्हणाला, "आंटी, तंबूतून पाय बाहेर टाकला की नदी!" सगळे खूश. मी विचारले, "अन् संडासाचे पाणी?" म्हणाला, "ते खाली सोडतो." खाली म्हणजे नदीतच! मी बुकिंग केलेच नाही.

लोक म्हणतात, दोन दिवसांसाठी एवढे काय? अहो, तोतलाडोह, नवेगाव खैरी करत पेंचचेच पाणी नागपूरच्या नळाला येते. 'खाली' आपणच राहतो! घरी पाणी गाळून प्यायचे, जिवाणी जपून सोडायची, आणि सुट्टीत त्याच पाण्यात घाण सोडायला पैसे मोजायचे? मी बी.कॉम. आहे, हा जमाखर्च मला जुळत नाही.

म्हणून जागा निवडताना नदी किती जवळ हे विचारू नका. शोषखड्डा नदीपासून किती लांब ते विचारा. सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, रात्रभर दिवे-शेकोटी पेटवून जीव जाळता का, तेही विचारा. उत्तर टाळले, तर सरळ रामटेकला शांतिनाथ भगवानांच्या दर्शनाला जा.

नातवंडे दोन दिवस रुसली. रुसू देत. पुढे पाणी त्यांनाच प्यायचे आहे.