हेल्मेटवरचा कॅमेरा आणि नाणेघाटाची वाट

भोसरी एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. पावसाळ्यात त्या दिवशी पहाटेच मोशी, चाकण, मंचर, नारायणगाव करत दुचाकी जुन्नरकडे निघतात. काहींच्या हेल्मेटला, हनुवटीपाशी, काडेपेटीएवढा कॅमेरा चिकटवलेला असतो. संध्याकाळपर्यंत त्यातले अर्धे मिनिट असंख्य मोबाइलवर फिरू लागते: नाणेघाटाच्या कड्यावरून खाली पडण्याऐवजी वाऱ्याने वर उडणारे पाणी.

सरकारी पर्यटन खात्यानेही जाहिरातीसाठी हा कॅमेरा हाती घ्यावा का? ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात याच वाटेवरचा शिवनेरी आहे. गर्दी वाढणार हे उघड आहे.

माझे मत वापरावा असेच आहे. ड्रोनचे चित्र आपण कधीच उभे राहणार नाही अशा उंचीवरून घेतलेले असते. अंगावरचा कॅमेरा चालणाऱ्याच्या नजरेने बघतो. पायरी किती उंच, कठडा कुठे संपतो, सातवाहनकालीन लेण्यापर्यंतची वाट कशी, हे त्यात दिसते. गुडघे दुखणाऱ्या आईला न्यावे की नाही, हे घरबसल्या ठरवता येते. २०१६ मध्ये फेरो बेटांच्या पर्यटन मंडळाने तर मेंढ्यांच्या पाठीवर कॅमेरे बांधून आपल्या डोंगरवाटा जगाला दाखवल्या.

पण हाच कॅमेरा फसवतोही, आणि ते गंभीर आहे. त्यातली यंत्रणा हादरे पुसून टाकते. शेवाळलेल्या दगडावर पाय घसरतो, छाती धपापते, तोल जातो. पडद्यावर मात्र चाल संथ, वाट सोपी. त्यात तीन तासांची चढण कापून अर्ध्या मिनिटात बसवलेली. दुसरा धोका गर्दीचा. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. त्याचे खापर कॅमेऱ्यावर फोडणे अन्यायाचे होईल. पूलच जीर्ण होता. मात्र ज्या जागेला माणसांचा भार पेलत नाही, तिथे आणखी माणसे बोलावणारी जाहिरात सरकारने तरी करू नये. फेरोवाल्यांनाही हे उमगले. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी गर्दीची ठिकाणे एका शनिवार-रविवारपुरती पर्यटकांना बंद केली आणि स्वयंसेवकांकडून वाटा दुरुस्त करून घेतल्या.

म्हणून आधी वाट, कठडे, वाहनतळ, शौचालये, चित्रण त्यानंतर. ते घाटघरसारख्या घाटमाथ्यावरच्या गावातल्या वाटाड्यांकडून, रीतसर मेहनताना देऊन करून घ्यावे. शेतात काम करणाऱ्या बायाबापड्यांना विचारल्याशिवाय त्यांचे चेहरे दाखवू नयेत. आणि चढण कापू नये, हादरे पुसू नयेत. असे चित्रण कंटाळवाणे होईल, त्याला प्रेक्षक कमी मिळतील, हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. खाजगी चित्रफिती तर थांबणारच नाहीत. तरीही गुरुवारी निघायच्या आधी भोसरीतल्या पोराला झगमगीत अर्ध्या मिनिटाच्या शेजारी सगळी वाट, पावसातली आणि न कापलेली, बघायला मिळाली पाहिजे. ती दाखवणे हे पर्यटन खात्याचे काम आहे.